गळला की गाळला?

आमच्या माकणीपासून दोन कोसांवर एक गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या गावात आमची माणसं अजून राहतात आणि त्यांना तिथंच राहायचं आहे.

२००९ सालची गोष्ट. त्या गावचं सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव होतं आणि त्या खुर्चीवर माझ्या नात्यातली एक मावशी बसलेली होती. मावशीला सही येत होती. वाचायचं म्हटलं तर बोट ठेवून, अडखळत. पण रोजगार हमीच्या मस्टरवर जी माणसं कामावर आलीच नाहीत त्यांची नावं आहेत, एवढं तिला वाचता आलं. तिनं सही केली नाही. महिन्याभरात तिच्यावर अविश्वास ठराव आला.

सदस्य अकरा. तहसीलदार स्वतः आले, विशेष सभा लागली. ठरावाच्या बाजूनं सात हात वर झाले. कायद्याला सात पुरत नव्हते. तहसीलदारांनी उभं राहून सांगितलं, ठराव नामंजूर. मावशी घरी आली. भीमनगरात त्या संध्याकाळी गूळ टाकून चहा झाला. गावात पहिल्यांदाच आमच्यातलं माणूस खुर्चीवरून उठवायचं म्हटलं आणि उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर बातमी आली. मथळा असा : सरपंचावरील अविश्वास ठराव मंजूर.

'ना' नव्हता.

एस.टी.च्या थांब्यावरच्या हॉटेलात पेपर मोठ्यानं वाचला गेला. ग्रामसेवक म्हणाले, वरून कागद येऊ द्या, मग बघू. शिपायानं किल्ली दिली नाही. मावशी पायरीवर बसून राहिली. ज्या सात जणांनी हात वर केले होते त्यांनाही ठाऊक होतं की ठराव पडला. सभेला तेच तर हजर होते. पण छापून आल्यावर त्यांनाही वाटू लागलं की कदाचित पडला नसेल. छापलेल्या अक्षराची ही ताकद असते. डोळ्यांनी पाहिलेलं ते खोटं पाडतं.

सभेच्या इतिवृत्ताची नक्कल लोहाऱ्याहून हातात यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत उपसरपंचाच्या सहीनं जे कागद जायचे होते ते गेले. मस्टरही गेलं. नवव्या दिवशी पेपरात खुलासा आला. आतल्या पानावर, बाजारभावाच्या खाली, दोन ओळी. 'नजरचुकीने' असं लिहिलं होतं. त्या दोन ओळींत मावशीचं आडनाव चुकलं होतं.

मी संपादकांना फोन केला. माणूस वाईट नव्हता. शांतपणे म्हणाला, "अहो गुरुजी, 'ना' गळला. रात्री पानं लावायची घाई असते. जाणूनबुजून का कुणी करतंय?"

मला उत्तर देता आलं नाही. फोन ठेवला. त्याला किती वर्षं झाली. हा लेख म्हणजे त्या फोनवर मला न सुचलेलं उत्तर आहे.

मित्रहो, आपल्या मराठीत एक मोठी गंमत आहे. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवली तरी माझ्या ध्यानात ती उशिरा आली. मरणं आणि मारणं यांत फरक फक्त एका कान्याचा. जळणं आणि जाळणं, पडणं आणि पाडणं, तिथंही एकच काना. कान्याशिवाय लिहिलं तर गोष्ट आपोआप घडते. काना दिला की करणारा माणूस उभा राहतो. घरं जळाली म्हटलं की वाऱ्याचा दोष, विस्तवाचा दोष, गवताच्या छपराचा दोष. घरं जाळली म्हटलं की लगेच विचारावं लागतं, कुणी?

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांवर काय झालं ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारलं. मेले नाहीत, मारलं. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. मधल्या साडेपंधरा वर्षांत किती घरं जळाली आणि किती जाळली, याचा हिशोब करायचा झाला तर आधी ते काने मोजावे लागतील, जे बातमीतून निघून गेले.

संपादक म्हणाले, 'ना' गळला. मला विचारायचं आहे ते एवढंच. गळला की गाळला?

सरळ उत्तर द्यायचं तर गळला. मी त्या संपादकावर कटाचा आरोप करत नाही. त्या वार्ताहराला मी ओळखतो. सकाळी तोच पेपरचे गठ्ठे उतरून घेतो, दुपारी तोच वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करतो, संध्याकाळी तोच बातम्या लिहितो. बातमीचे त्याला चार पैसे मिळतात, जाहिरातीवर कमिशन मिळतं. त्यानं फोनवर 'नामंजूर' सांगितलं असेल, पलीकडच्यानं 'मंजूर' टाईप केलं असेल, पान लावणाऱ्यानं मथळा बसवला असेल, आणि वाचायला मधे कुणी नसेलच. १९५५ साली श्रमिक पत्रकारांसाठी केंद्रानं कायदा केला तेव्हा पत्रकार कोण, याच्या व्याख्येत संपादक, उपसंपादक, वार्ताहर यांच्या रांगेत प्रूफरीडरही बसवला होता. म्हणजे चूक शोधणारा माणूस हा पत्रकारच, हे देशाच्या कायद्यानं मानलं होतं. पुढं संगणक आले, खिळे जुळवणारे गेले आणि त्यांच्या मागोमाग कितीतरी ठिकाणी प्रूफ वाचणारेही गेले. मालकानं पगार वाचवला. त्या पगाराची किंमत मावशीनं पायरीवर बसून भरली.

आता आपल्या धम्माकडे वळू. बुद्धानं कर्माचा विचार करताना चेतनेला महत्त्व दिलं. मनात काय होतं ते बघा. मुंगी नकळत पायाखाली आली तर तो खून नव्हे. या न्यायानं संपादक सुटतात. मीही काही दिवस असंच मानून गप्प बसलो.

पण मग मला एक शब्द आठवला. आपण मराठीत चुकीला 'प्रमाद' म्हणतो. पालीत प्रमाद म्हणजे पमाद. पमाद म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा, पेंगत राहणं. आणि त्याच्या उलट अप्पमाद. धम्मपदाचा दुसरा वग्गच अप्पमादाचा आहे. महापरिनिर्वाणापूर्वी भिक्खूंना दिलेला शेवटचा उपदेशही अप्रमादाचाच. ज्यानं हेतूला एवढं महत्त्व दिलं त्यानंच जाता जाता जागे राहा म्हणून सांगितलं. यात विसंगती नाही. मुंगी पायाखाली आली हा दोष नाही. पण रोज त्याच वाटेनं, रोज अंधारात, हातात कंदील असून तो न लावता चालायचं, आणि रोज मुंग्या मेल्या की म्हणायचं माझ्या मनात नव्हतं, हा दोष आहे. दोष त्या पावलात नाही, कंदील न लावण्यात आहे. आणि कंदील न लावणं ही गोष्ट मात्र जाणूनबुजूनच होते.

म्हणून माझं उत्तर असं : 'ना' गळला, पण छप्पर गळकं ठेवलं होतं. ते कुणीतरी ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट. छप्पर गळतं तेव्हा पाणी कुठं पडतं तेही बघितलं पाहिजे. सगळ्यांच्या अंगावर सारखं पडत असतं तर मी तक्रार केली नसती. त्याच पेपरात मंत्र्यांच्या वाढदिवसाचं अख्खं पान येतं. त्यात पन्नास कार्यकर्त्यांचे फोटो असतात, प्रत्येकाच्या खाली नाव आणि पद. त्यात चूक सापडते का बघा. क्वचितच. कारण जाहिरातीचं प्रूफ पार्टीला दाखवतात. पार्टी बोट ठेवून एकेक नाव वाचते, मग छापतात. म्हणजे काळजी कशी घ्यायची हे पेपराला ठाऊक आहे. वेळ नाही, माणूस नाही, या सबबी पहिल्या पानावरच्या पैशापुढं चालत नाहीत. त्या फक्त आतल्या पानावरच्या आमच्या नावापुढं चालतात.

आमची नावं मात्र कशीही पडतात. कांबळेचा कांबळी होतो, गायकवाडचा गायकवाडे होतो, आणि फारच घाई असली की 'एक दलित महिला' एवढ्यावर काम भागतं. दरसाल ६ डिसेंबरला कुठं ना कुठं 'महापरिनिर्वाण दीन' छापलेलं दिसतं. दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे लाचार. ज्या माणसानं आम्हाला दीनपणातून वर काढलं त्याच्या दिवसाला एका वेलांटीनं पुन्हा दीन करून टाकायचं. हेतू नसतो, मान्य. पण मग हे वर्षानुवर्षं कुणाला बोचत कसं नाही?

आणि ॲट्रॉसिटीचं बघा. १९८९ च्या कायद्याचं पूर्ण नाव अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम. ॲट्रॉसिटी म्हणजे अत्याचार. पण बातमीत येतं : अमक्यानं तमक्यावर ॲट्रॉसिटी दाखल केली. नीट वाचा. याचा अर्थ काय होतो? ज्याच्यावर अत्याचार झाला त्यानंच अत्याचार केला. मारणारा बाजूला राहिला आणि फिर्याद देणारा अत्याचारी ठरला. हे एका पेपरापुरतं राहिलेलं नाही. ही आता महाराष्ट्राची बोलीच झाली आहे. 'गुन्हा' हा एक शब्द गाळला आणि अख्खा कायदा उलटा झाला. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं आपल्याच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात हा कायदा सैल करणारा निकाल दिला. २ एप्रिलला देशभर बंद झाला. त्याच वर्षी संसदेला दुरुस्ती करून कायदा पुन्हा घट्ट करावा लागला. त्या सगळ्या चर्चेत 'खोटी ॲट्रॉसिटी' हा शब्द इतक्या सहज वापरला जात होता, की खरा अत्याचार कुठं होतो का, असाच कुणाला प्रश्न पडावा. भाषेनं आधी पाया खणून ठेवला होता.

खैरलांजीची आठवण काढल्याशिवाय पुढं जाता येत नाही. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. आई, मुलगी, दोन मुलगे. सुरुवातीला काही ठिकाणी बातमी आली ती त्या आईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारी. जे कानावर आलं ते न तपासता उतरवलं. मेलेल्या बाईला खुलासा पाठवता येत नाही. खरं काय ते बाहेर यायला आमच्या माणसांना रस्त्यावर यावं लागलं. प्रूफ तपासायचं काम आम्ही लाठ्या खाऊन केलं, असंच म्हणा ना.

आता कुणी म्हणेल, चुका तर थोरामोठ्यांच्याही होतात. होतात. १६३१ साली लंडनच्या राजाच्या छापखान्यात बायबल छापताना व्यभिचाराच्या आज्ञेतला नकारच गळाला. आमच्या 'ना'सारखाच. ऐन धर्मग्रंथ व्यभिचार कर म्हणू लागला. पण तिथं काय झालं? छापणाऱ्यांना तीनशे पौंड दंड झाला आणि परवाना गेला. ३ नोव्हेंबर १९४८ ला अमेरिकेत शिकागोच्या एका मोठ्या पेपरानं ट्रूमन हरले म्हणून मथळा दिला. छापखान्यात संप चालू होता, पान लवकर सोडायचं होतं. ट्रूमन तर जिंकले होते. त्यांनी तो पेपर दोन्ही हातांनी वर धरून हसत फोटो काढून घेतला. तो फोटो जगभर गाजला. आपल्याकडे २२ मार्च १९७९ ला पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जयप्रकाश नारायण गेल्याचं सांगितलं. सभागृहानं श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीनं बातमी दिली. जयप्रकाश मुंबईत जसलोक इस्पितळात जिवंत होते. ते वारले ८ ऑक्टोबरला. पण ही चूक त्याच दिवशी दुरुस्त झाली.

ट्रूमनला हसता आलं, कारण त्याच्या हातात राज्य होतं. जयप्रकाशांची बातमी तासाभरात पालटली, कारण त्यांच्यासाठी देश जागा होता. मावशीच्या हातात काय होतं? मावशीसाठी कोण जागं होतं? एकच चूक वरच्या माणसाच्या अंगावर पडली तर विनोद होतो, खालच्याच्या अंगावर पडली तर वरवंटा होतो. म्हणून चूक लहान की मोठी हे तिच्या अक्षरांवरून ठरत नाही. ती कुणावर पडली यावरून ठरतं.

आमच्या भागाला हे भूकंपानं शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला. रात्री गणपती बुडवून माणसं झोपली होती ती उठलीच नाहीत. परगावच्या कितीतरी कागदांवर किल्लारीचं 'खिलारी' झालं. खिलार ही बैलाची जात. हजारो माणसं मेली त्या गावाला बैलाचं नाव. आणि पुढं कायमचं नाव पडलं 'लातूरचा भूकंप'. आमचं सास्तूर, आमचा हा सगळा भाग तेव्हाच्या उमरगा तालुक्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात. मेलेलं माणूस आमचं, पण भूकंप लातूरचा. आता जिल्ह्याचंही नाव बदललं, २०२३ पासून धाराशिव झालं. पाहुणा अजून विचारतो, तुमच्याकडं पण झाला होता का भूकंप?

इथवर मी दुसऱ्यांना बोललो. आता मला माझ्या आतल्या दोन गाठी सोडवायच्या आहेत.

पहिली गाठ शुद्धलेखनाची. आमच्यातलेच तरुण मला विचारतात, "गुरुजी, तुम्ही ऱ्हस्वदीर्घाच्या मागं कशाला लागलात? शुद्ध-अशुद्ध हा त्यांचा खेळ. आपल्याला आयुष्यभर अशुद्धच म्हणत आले ना ते?" प्रश्न रास्त आहे. जोतीरावांनी १८७३ ला गुलामगिरी लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून त्यांच्या भाषेची, व्याकरणाची टिंगल केली. शूद्रांची गुलामगिरी खरी की खोटी, यावर बोलण्याऐवजी वाक्यरचना तपासली. हा जुना डाव आहे. आमचा माणूस 'पानी' म्हणाला की ते हसतात. पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्याबद्दल मात्र कुणाला हसू येत नाही. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळानं लेखनाचे चौदा नियम ठरवले, सरकारनं ते मानले. शाळेत मी तेच शिकवले. पण 'पानी' म्हणणाऱ्या पोराला मी कधी चूक म्हणालो नाही. ती त्याच्या आईची भाषा आहे.

मी म्हणतो ते वेगळं आहे. शुद्ध आणि अचूक हे दोन शब्द वेगळे करा. शुद्ध म्हणजे विटाळ न झालेलं. हा सोवळ्याचा शब्द आहे, तो त्यांनाच लखलाभ. अचूक म्हणजे न चुकलेलं, नेमकं. हा कारागिराचा शब्द आहे. चांभाराचं माप अचूक असतं, नाहीतर चालणाऱ्याचा पाय सोलतो. आमच्या आजोबांनी जागल्या म्हणून गावच्या शिवा सांभाळल्या. शेताच्या बांधाच्या भांडणात महाराचा शब्द पुरावा म्हणून चालायचा, कारण तो अचूक असायचा. स्पर्श चालत नव्हता, साक्ष चालत होती. म्हणजे अचूकपणा हा आमच्या घराण्याचा आहे. तो आम्ही कुणाकडून उसना घेतलेला नाही. 'पानी' ही चूक नव्हे. मंजूर ही चूक आहे.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक काढला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही केसरीनं छापली नाही. पुढं ३ एप्रिल १९२७ ला बहिष्कृत भारत सुरू झाला. मदतीला माणूस नाही म्हणून अंकाचे रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहून काढत. बॅरिस्टर माणूस, कोर्टाचं काम, महाडचा सत्याग्रह, आणि वर हे. वेळ नव्हता ही सबब कुणाला शोभली असती तर त्यांना. त्यांच्याच नावाचं पुढं काय झालं? उत्तरेत सरकारी कागदांवर ते वर्षानुवर्षं वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलं जात होतं. राज्यघटनेच्या प्रतीवर त्यांची स्वतःच्या हातची सही आहे. असं असून उत्तर प्रदेश सरकारनं 'भीमराव रामजी आंबेडकर' असंच लिहायचं हा हुकूम काढला तो २०१८ साली. त्यामागचं राजकारण ज्याचं त्यानं ओळखावं. पण घटना लिहिणाऱ्याच्या नावावरचा काना द्यायला देशाला अडुसष्ट वर्षं लागली, तिथं मावशीच्या आडनावाचं काय घेऊन बसलात!

दुसरी गाठ माझ्या स्वतःच्या पापाची. ती सांगितली नाही तर हा लेख लिहायचा मला हक्क नाही.

१९८२ साल. आम्ही चार पोरं मिळून सायक्लोस्टाईल अंक काढत होतो. एका हेडमास्तरांच्या मेहरबानीनं शाळेचं मशीन रात्री मिळायचं. मेणाच्या कागदावर लोखंडी टोकानं अक्षरं कोरायची. चूक झाली तर तांबडं औषध लावून, फुंकर मारून, वाळवून पुन्हा कोरायचं. एका सालगड्याची हकिकत आम्ही छापली. मालकाकडून त्यानं तीनशे रुपये उचल घेतली होती आणि त्यापायी सात वर्षं तो राबत होता. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ लाच झालेला. आमचा अंक तहसीलपर्यंत गेला, चौकशी लागली. आम्हाला आभाळ ठेंगणं झालं.

स्टेन्सिल मी कोरलं होतं. तीनशेवर एक शून्य जादा पडलं होतं. तीन हजार.

चौकशीत मालकानं आमचाच अंक पुढं केला. म्हणाला, "साहेब, तीन हजार म्हणे! या गावात कुणी सालगड्याला तीन हजार उचल देतंय का? ही पोरं खोटं लिहितात." साहेबांनी मान डोलावली. एक शून्य खोटं निघालं म्हणून सात वर्षं खोटी ठरली. चौकशी बंद झाली. तो माणूस परत त्याच वाड्यात गेला. पुढं कधी वाटेत भेटला तर रामराम घालायचा, म्हणायचा, "बरं हाव न्हवं गुरुजी?" मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री तांबड्या औषधाची बाटली माझ्या हाताशी होती. मी कोरलेलं परत वाचलं नाही. डोळ्यावर झोप होती. माझ्या मनात काही नव्हतं. शून्य आपोआप पडलं. पडलं की पाडलं?

म्हणून मी संपादकांना म्हणतो, मी तुमच्याहून उंचावर उभा नाही. तुमच्याच पायरीवरून बोलतो आहे. फरक एवढाच की तुमची चूक तुमचा पेपर पचवतो. उद्या पुन्हा अंक निघतो, पुन्हा खपतो. आमची चूक आम्हाला गिळते. प्रस्थापितांच्या शंभर खोट्यांत एक खरं निघालं तर ते विश्वासू ठरतात, आणि आमच्या शंभर खऱ्यांत एक खोटं निघालं तर आम्ही लबाड ठरतो. हा न्याय नाही. पण तो बदलेपर्यंत तरी आमच्या लिहिणाऱ्यानं दुसऱ्याच्या दुप्पट जागं राहिलं पाहिजे. ही त्यांची सक्ती म्हणून नाही. आपण ज्याच्याबद्दल लिहितो तो त्याच वाड्यात परत जाणार असतो म्हणून.

करायचं काय? मोठं काही नाही. ज्याचं नाव छापायचं त्याला ते विचारावं, आणि लिहिल्यावर त्याला वाचून दाखवावं. मंत्र्याच्या जाहिरातीचं प्रूफ दाखवता, तसंच मजुराच्या नावाचं दाखवा. फोन तर आता घरोघर आहे. 'मंजूर' आणि 'नामंजूर', 'फिर्यादी' आणि 'आरोपी', 'जळाली' आणि 'जाळली' असे जे शब्द एका अक्षरानं माणसाला उलटं करतात, ते दोन माणसांनी वाचल्याशिवाय पान सोडू नये. आणि चूक झालीच तर ज्या पानावर, ज्या जागी, जेवढ्या अक्षरांत झाली, तिथंच तेवढ्याच अक्षरांत दुरुस्ती छापावी. चौकात थोबाडीत मारून माजघरात माफी मागायची, ही माफी नव्हे.

मावशी आता थकली आहे. मागं भेटायला गेलो तर तिनं ट्रंकेतून ते कात्रण काढलं. पिवळं पडलं होतं. म्हणाली, "लेकरा, यात त्यो 'ना' कुठं पायजे हुता, दाव बरं." मी बोट ठेवलं. तिनं माझ्या खिशातला पेन घेतला. हात कापत होता. मथळ्यात जागा नव्हती, म्हणून तिनं 'मंजूर'च्या डोक्यावर 'ना' काढला. वाकडातिकडा, पण काना सरळ. मग कात्रण घडी घालून परत ट्रंकेत ठेवलं. ते दुसऱ्या कुणाला दाखवायचं नव्हतं.

वाचकहो, हा लेख मी तीनदा वाचला आहे आणि दुसऱ्या एकाला वाचायला दिला आहे. तरी चूक राहिली असेल. सापडली तर कार्ड टाका, नाहीतर फोन करा. पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापू.